एकादशीची गोळी

वर्ध्याच्या दवाखान्यात बाबांच्या शेजारच्या खाटेवर आंजी गावचे एक गृहस्थ होते. त्यांना भरवताना त्यांच्या बायकोचंच तोंड उघडायचं. ती बाई अजून आठवते.

हृदयाची गोळी एकदाही चुकवायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. पण एकादशीला बाबा अडून बसले, उपासाला गोळीही नको. सिस्टर थकली. मी भाषण सुरू केलं, तशी बाबांनी कूस बदलली. घरीही माझ्या बोलण्याला एवढाच मान आहे.

ती बाई पाण्याचा गिलास घेऊन आली.

“घ्या काकाजी. पाप लागलं तं माह्या नावावर टाकजा.”

बाबांनी मुकाट्याने गोळी गिळली. मग म्हणाले, “नाव काय हाये बाई तुमचं? देवाले सांगा लागन.”

“त्याले मालूम हाये,” म्हणत ती नवऱ्याकडे वळली.

आम्हाला मात्र ते कळायचं राहूनच गेलं.