कुलूपबंद आवाज

परळच्या एका वाचनालयात, पहिल्या मजल्यावर, अंध वाचकांसाठी वेगळी खोली आहे. माझी नोकरी जवळच्याच एका ऑफिसात, संगणक सांभाळायची. म्हणून शनिवारी वाचनालयाचेही बघून देत असे. मध्यंतरी विश्वस्तांनी तिथले जुने संगणक काढून दहा टर्मिनल आणले. टर्मिनल म्हणजे पुस्तकाएवढा डबा. त्याला पडदा, कीबोर्ड, हेडफोन जोडायचे; डोकं सगळं आतल्या केबिनमधल्या एका मोठ्या मशीनमध्ये, लिनक्स नावाच्या प्रणालीवर चालणारं. उद्घाटन झालं, दहाही पडदे झळकले, टाळ्या पडल्या. विश्वस्तांनी केबिनला कुलूप घातलं आणि किल्ली शिवाजी पार्कला स्वतःच्या घरी नेली.

सोमवारी वाचक आले. पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्राम चालू होता, पण हेडफोनमध्ये काहीच नाही.

मी मशीन बसवणाऱ्या माणसाला फोन लावला.

"मॅडम, साउंड आमच्या कामात नव्हता. डिस्प्ले ओके आहे ना?"

"अहो, इथे डिस्प्ले बघणारं कोण आहे?"

"ते आम्हाला कोणी सांगितलं नाही."

विश्वस्तांना फोन केला तर ते म्हणाले, "स्क्रीन तर झकास दिसतायत. आवाजाचं होईल हळूहळू." माझं डोकं फिरलं. तरी तोंडातून "बरं सर" एवढंच निघालं. त्याचा राग आजही येतो.

पुढचे दोन शनिवार मी टर्मिनलपाशी बसून आवाज वाढवला, हेडफोन बदलले, दिसेल ती सेटिंग उलटसुलट केली. काही उपयोग झाला नाही. लालबागच्या एक बाई, निवृत्त टेलिफोन ऑपरेटर, तरीही रोज येत आणि काही ऐकू येत नसताना टाइप करत बसत.

तिसऱ्या शनिवारी त्यांनी हेडफोन काढला, मान वळवली. "गो, आत कोणतरी बोलता."

मला पंख्याशिवाय काही ऐकू येईना. केबिनच्या दाराला कान लावला. बाईंनी एक ओळ टाइप केली आणि कुलपामागून कोरडा यांत्रिक आवाज आला, "विश्वस्त महाशय, आम्ही इथे झोपायला येतो का?"

मग डोक्यात प्रकाश पडला. दहाही टर्मिनलचा आवाज त्या मोठ्या मशीनच्या स्वतःच्या स्पीकरमधून निघत होता. तीन आठवडे ते बंद खोलीत एकटंच बडबडत होतं, आणि माणसं बाहेर गप्प बसून होती. दुरुस्ती करायची तर त्या मशीनसमोर बसायला हवं होतं.

"किल्ली? सोमवारी बघू," विश्वस्त फोनवर म्हणाले.

या वेळी मी "बरं" म्हटलं नाही. टॅक्सी केली आणि थेट त्यांच्या दारात उभी राहिले. ते पेपर वाचत होते.

"अहो, एवढं चिडायला काय झालं?"

"हा पेपर हिसकावून मी तीन आठवडे कपाटात ठेवला तर तुम्ही चिडाल की नाही?"

त्यांनी किल्ली दिली. चहाचं विचारलं नाही, मीही थांबले नाही.

प्रत्येक टर्मिनलचा आवाज त्याच्याच डब्याकडे पाठवायचा, एवढंच त्या मशीनला सांगायचं होतं. दोन तास लागले. नऊ टर्मिनल बोलले, दहावा खरखरत राहिला. बाईंनी हेडफोन लावला. मी शाबासकीची वाट बघत उभी.

"फार सावकाश बोलतो. वेग वाढव." मी वाढवला. मग त्या म्हणाल्या, "उद्घाटनाला तू होतीस ना? एकदा तरी हेडफोन कानाला लावलास?"

"नाही."

"मग सगळं ठीक आहे म्हणून सही कोणी केली?"

"मी."

त्या पुन्हा कीबोर्डकडे वळल्या. टाइप करत राहिल्या. शिव्या दिल्या असत्या तर सोसलं असतं. विश्वस्तांवर, त्या बसवणाऱ्यावर इतके दिवस ओतलेला राग माझ्याच अंगावर आला, आणि तो कुणाकडे ढकलायला जागा नव्हती.

आठवड्याभरात विश्वस्तांचा निरोप आला, आवाज सुरू झाल्याचा छोटा कार्यक्रम ठेवू, बाईंना दोन शब्द बोलायला सांगा. मी बाईंना सांगितलं.

"त्या दिवशी मला वाचायचंय," त्या म्हणाल्या. "त्यांना म्हणावं, खोलीत गडबड करू नका."

मी निरोप शब्दशः कळवला. कार्यक्रम झाला नाही.