मेळाव्यातली ओळखीची फेरी

आमच्या घरातला पहिला पदवीधर मी, त्यामुळं चार लोक माझा शब्द मानतात. म्हणूनच फेसबुकवरच्या आमच्या भाजीपाला ग्रुपच्या मेळाव्यासाठी मेहकरातल्या देवळाचं सभागृह माझ्या शब्दावर मिळालं. अट एकच होती, भांडण नको. पण त्याच आठवड्यात ग्रुपवर दोघांची मिरचीच्या रोपांवरून जुंपली. "मेळाव्यात भेट, दाखवतो तुले," असं एकानं उघड लिहिलं होतं.

दोघांनीही येणार म्हणून कळवलं होतं. प्रोफाइलवर एकाचा बैल, दुसऱ्याचा ट्रॅक्टर, त्यामुळं चेहरे कोणालाच ठाऊक नव्हते. ओळख करून देताना प्रोफाइलवरचा फोटो सांगायचा, हा नियम मीच केला होता.

"मी बैलवाला," एकजण उठून म्हणाला.

त्याच्या शेजारचा तंबाखू मळत होता. त्याचा अंगठा थांबला.

"तूच हायेस का बे तो? अन् मघापासून माह्याच डबीतला तंबाखू खाऊन राह्यला?"

बैलवाला तोंडात तंबाखू धरून तसाच उभा. "मंग काय, परत देऊ?"

ट्रॅक्टरवाल्यानं मळलेल्या तंबाखूचा तळहात पुढं केला. "घे. पण रोपं तुह्ये खराबच होते."

मी घाईनं पुढच्या माणसाला उभं केलं.