आशिया चषक आणि सोसायटीचा टीव्ही

खांदेश्वरच्या आमच्या सोसायटीच्या ऑफिसातला मोठा टीव्ही म्हणजे पुरुषांचाच. २०२२ च्या ऑक्टोबरातल्या त्या दुपारी महिलांच्या आशिया चषकाची फायनल होती, श्रीलंकेशी, म्हणून आम्ही बायकांनी तो मागितला. सेक्रेटरी हसले, "बायकांची मॅच? काकू, हरल्या तर पुन्हा टीव्ही मागायचा नाही हं!"

मी म्हटलं, "अहो, हा कप आपल्या पोरींनी आजवर एकदाच सोडलाय, तोही बांगलादेशला. बाकी सगळे आपल्याच घरी!"

बोलले खरं, पण मनातल्या मनात देवाला नारळही कबूल केला. आणि काय सांगू, श्रीलंकेच्या विकेटी अशा पटापट पडल्या, की आम्हाला ओरडायला दम पुरेना! शेवटी सिक्स मारून जिंकलो, तेव्हा सेक्रेटरीच खुर्चीवर चढून नाचत होते. मी म्हटलं, "उतरा भाऊ, खुर्ची सोसायटीची आहे. टीव्हीपण!"