पाडव्याच्या दिवशी घाटाखाली

वडील गेले त्या वर्षी आमच्या चिखलीच्या घरात दिवाळी नव्हती. दुखवट्याच्या वर्षी घरात तळण काढत नाहीत, दारात आकाशकंदील लावत नाहीत. फराळ भावकीतले आणून देतात आणि डबा ठेवून तासभर बसतात. त्या बसण्याची मला धास्ती होती. येणारी प्रत्येक बाई आधी आईच्या तोंडाकडे बघायची आणि मग माझ्या कानाशी लागायची, "रडली का गं?"

नव्हती रडली. दहाव्याला नाही, तेराव्यालाही नाही. विचारलं तर उत्तर द्यायची, पानं वाढायची, संध्याकाळी ओट्यावर बसून रस्त्याकडे बघत राहायची. डॉक्टरपासून चुलतीपर्यंत सगळ्यांचं एकच म्हणणं, हिला एकदा मोकळं होऊ दे. जसं काही ते माझ्या हातात होतं!

पाडवा जवळ आला तसा दादा बेचैन झाला. पाडव्याला बायको नवऱ्याला ओवाळते. आमच्याकडे वडील पाटावर अवघडून बसायचे, आई ताट घेऊन उभी राहायची, आणि ओवाळणीत काय मिळालं ते दिवसभर कुणाला सांगायची नाही. सासरहून, थेरगावातून, मी मुद्दाम ते बघायला यायचे.

"पाडव्याला आईला घरात ठेवायचं न्हाई," दादा म्हणाला. "घाटाखाली नेऊ. ते मोठे पाळणे हायेत ना, तिथं."

मी त्याच्यावर उखडलेच. दुखवट्यात माणसं देवदर्शनाला नेतात आणि हा निघाला आईला थीम पार्कला! भावकी काय म्हणेल?

"कुलूप बघून जातील माघारी," तो म्हणाला.

आईला विचारलं. ती म्हणाली, "चला की. तुमी न्याल तिकडं." एवढंच.

कंपन्यांना सुट्टी, त्यामुळे एक्सप्रेसवेला निम्मं पिंपरी-चिंचवड आमच्या पुढे होतं. घाट उतरेपर्यंत मी दादाला घालून पाडून बोलत होते. गेटमधून आत पाऊल टाकलं आणि माझी बोलती बंद झाली. समोर लाल लोखंडी रूळ आभाळात चढला होता, तिथून खाली कोसळला होता, पार उलटा वळून पुन्हा वर गेला होता. त्यावरून माणसांनी भरलेली गाडी डोक्यावरून अशी गेली की मी मान आत घेतली. पाळणे मीही पाहिलेत, पण आमच्या जत्रेतला पाळणा देवळाच्या कळसाला लागत नाही. हे तर मागच्या डोंगराच्या बरोबरीला आलं होतं. माणसांनी हे उभं केलं, आणि तेही नुसतं ओरडायला! खाली नवे कपडे घातलेली पोरं, हातभर हिरव्या बांगड्या भरलेल्या नव्या नवऱ्या, टोपी घट्ट धरून चाललेले एक आजोबा. एवढा आनंद एका जागी गोळा झालेला मी कधी पाहिला नव्हता. दादा तोंड उघडं टाकून खांबाकडे बघत होता. "काय बनवलंय राव," एवढंच म्हणत होता.

आईही त्या गाडीकडेच बघत होती. मग म्हणाली, "यात मला बसू देत्यात का?"

वडील गेल्यापासून तिने आपणहून काही मागितलं ते हे पहिलं. आता नाही कोण म्हणणार? पण दादाने ऐन वेळी खाली थांबतो म्हणून सांगितलं. दिवसभर लोखंड कापणारा माणूस, पण उंचीला टरकतो. मग मीच गेले.

रांगेच्या तोंडाशी उभ्या असलेल्या कर्मचाऱ्याने विचारलं, "मावशी, हार्टचा काही त्रास?"

"मला न्हाई," आई म्हणाली. "त्यान्ला हुता."

त्याला काही उमगलं नाही. आईने पदर खोचला, चपला काढून ठेवल्या. आमच्या छातीवर दांडा आला आणि गाडी खडखडत चढायला लागली. खालची माणसं लहान होत गेली. पिवळी पडत चाललेली भातखाचरं दिसली, त्यापलीकडे डोंगरामागे डोंगर, आणि वर नुसतं आभाळ. या घाटातून मी किती वेळा गेले असेन, पण हे असं आहे हे मला ठाऊकच नव्हतं. ऊर भरून आला.

"केवढं हाय गं हे," आई म्हणाली.

आणि गाडी खाली सुटली.

मी ओरडले, पुढचे ओरडले, मागचे ओरडले. त्या कल्लोळात अगदी माझ्या कानाशी आई कुणाला तरी हाक मारत होती. वडिलांना. नाव घेऊन. उखाण्यात लाजत घेतात तसं नव्हे, बांधावरून पलीकडच्या शेतात हाक घालावी तसं, लांबवून. जन्मभर तिने त्यांना 'अहो' म्हटलं, चारचौघांत 'पोरांचे वडील' म्हटलं. वळणावर तिने पुन्हा हाक मारली. उलटे झालो तेव्हाही मारली. माझी भीती कुठल्या कुठे गेली. मी ओरडायची थांबले आणि ऐकत राहिले.

गाडी थांबली. लोक हसत, केस सावरत उतरले. आई तशीच बसून राहिली आणि रडायला लागली. तोंडाला पदर न लावता, मोठ्याने. कर्मचारी घाबरून धावला, मी त्याला हातानेच थांबवलं. बऱ्याच वेळाने तिला धरून खाली आणलं तर दादा पांढराफटक होऊन उभा.

"काय झालं, आई? भ्यालीस का?"

आईने नाक पुसलं. "न्हाई रं. समदीच वरडत हुती. एवढ्या गलक्यात कुणाला काय कळतंय? म्हणलं, आपण बी एकदा त्यान्ला नावानं हाक मारून बघावी."

मी वरून उचलून आणलेल्या चपला आईने पायात सरकवल्या आणि ती पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली.