साल्टोरोवरचा लाल दिवा

त्या वर्षी अमेरिकेत, शुगर लँडच्या आमच्या घरी गणपती बसले, तेव्हा मी त्यांच्यावर रुसले होते. धाकटा भाऊ निखिल सियाचीनच्या एका चौकीवर होता. मुदत संपली होती, तो बेस कॅम्पला उतरायला हवा होता, आणि अकरा दिवस फोन नव्हता. मी पाइपलाइन इंजिनिअर. कुठे काय अडलंय ते स्क्रीनवर दिसलं नाही की माझा जीव थाऱ्यावर राहत नाही. बाप्पाला नवससुद्धा मी अटी घालूनच बोलले होते. शेवटी हात रिकामे राहू नयेत म्हणून नकाशा समोर ठेवून देखाव्यात सियाचीनच उभारलं.

देखावा मात्र झकास झाला. मधोमध कापसाची लांबच लांब हिमनदी. ती जिथे वितळून नुब्रा नदी होते, तिथे बाप्पा. डाव्या हाताला, पश्चिमेला, साल्टोरोचे कडे आणि त्यांच्या पलीकडे पाकिस्तान. वर उत्तरेला चीनच्या ताब्यातलं खोरं. चौक्यांना इवलेसे दिवे, निखिलचा तेवढा लाल. बाहेर अंगाची लाही होत होती आणि येणारे जाणारे कापूस बघून शाल मागत होते.

तिसऱ्या दिवशी दर्शनाला अमेयचे वडील आले. अमेय आमचा शेजारी. काका साताऱ्याहून मुलाकडे आलेले, निवृत्त सुभेदार. बाकीचे मोदकांकडे वळले, काका देखाव्यापाशीच थांबले.

"पोरी, नकाशा बरोबर आहे, पण हा लाल दिवा चुकला. चौकी खाली नसते."

मग त्यांनी समजावलं. कडा ज्याचा, खिंडी त्याच्या, आणि खालची सगळी हिमनदीही त्याचीच. कडा सोडला तर समोरचा वर बसून आपल्याकडे बघणार. म्हणून माणसं त्या उंचीवर राहतात. हवा बिघडली की हेलिकॉप्टर उडत नाही, उतरणारी तुकडी जागच्या जागी थांबते. ते स्वतः असे कितीदा अडकले होते.

मला हे ठाऊक नव्हतं असं नाही. निखिलला त्या कड्यावर ठेवायला हात धजेना, म्हणून मी त्याला बाप्पाच्या पायाशी लपवलं होतं. काकांना हे सांगताना मला रडूच फुटलं. त्यांनी धीर वगैरे दिला नाही. एवढंच सांगितलं, की बेसवर बाबांचं ठाणं आहे, तिथेच लढलेला एक जवान, आता सगळ्यांचा राखणदार मानलेला; वर जाताना प्रत्येक जवान त्यांच्यासमोर सावधान उभा राहून रिपोर्ट देतो, उतरला की पुन्हा देतो, आणि मधली काळजी बाबांची.

"तुझे बाबा हे बसलेत. दे रिपोर्ट."

हातात मोदकाची ताटली, तशीच मी सावधान उभी राहिले. निखिलचं नाव सांगितलं. या वेळी अट घातली नाही. मग लाल दिवा उचलला आणि साल्टोरोच्या माथ्यावर लावला. का कोण जाणे, त्यानंतर मी चार मोदक खाल्ले.

पाचव्या दिवशी उत्तरपूजा झाली, अंगणात विसर्जनाचा टब भरत होता, आणि फोन वाजला.

"ताई, उतरलो. एकदम ओके आहे. आधी बाबांना रिपोर्ट दिला, आता तुला."

काकांबद्दल मी त्याला अवाक्षर कळवलेलं नव्हतं. विसर्जनाआधी नेमका फोन यावा हा योगायोग असेल, मी वाद घालणार नाही. आमच्या घरात आजवर सगळ्यांची वरिष्ठ मीच होते. दुसऱ्या नंबरवर येण्यात एवढं सुख असतं हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

बाप्पाला उचलण्याआधी मी पुन्हा सावधान उभी राहिले. उतरल्याचा रिपोर्ट द्यायचा राहिला होता.