पाणी सोडणाऱ्या काकांची गाडी

गरम गाडी घेऊन येणाऱ्या गिऱ्हाइकाचा मला मनापासून राग येतो. तक्रार काय, तर सकाळी थंडीत सुरू होत नाही. आणि येणार कधी, तर भर दुपारी, तीच गाडी चालवत, इंजिनाला हात लावला तर चटका बसेल अशी तापवून. माझ्यासमोर अर्ध्या किकमध्ये सुरू होते. अशा गाडीचं मी काय लोणचं घालू?

पाणी सोडणारे काका नेमके असेच यायचे. गावाबाहेर टेकडीवर पाण्याची टाकी आहे. पहाटे तिथं जायचं, मोटर चालू करायची आणि टाकी भरली की एकेका भागाची चावी फिरवून पाणी सोडायचं, हे त्यांचं काम. वयानं ते कधीच निवृत्त झाले होते, पण पहाटेच्या गारठ्यात त्या टेकडीवर जायला दुसरा कुणी तयार होईना, म्हणून त्यांनाच ठेवून घेतलं होतं. नळाला पाणी आलं की काकांची आठवण कुणालाच नाही. नाही आलं की अख्ख्या गावाला.

त्या थंडीत पाणी वरचेवर उशिरा यायला लागलं. लोक पाणीपुरवठ्याच्या साहेबांकडे भांडायला गेले, साहेबांनी काकांना बोलावलं आणि सरळ सांगून टाकलं, पुन्हा उशीर झाला तर चाव्या जमा करा आणि घरी बसा.

“घरी बसून काय करू गं मी?” काका म्हणाले. विचारत होते मला, पण बघत होते भिंतीवरच्या पान्यांकडे.

गॅरेज माझ्या वडिलांचं. हात आणि तोंड, दोन्ही बाबतींत मी त्यांच्यावरच गेले आहे. मी म्हटलं, “घरी नका बसू, आत्ता इथं बसा. बघू काय रोग आहे ते.”

प्लग काढला तर काळाकुट्ट आणि पेट्रोलनं ओला. बदलला. कार्बोरेटर उघडून साफ केला, टॅपेट बघितले, एअर फिल्टर झटकला, टाकीतलं जुनं पेट्रोल काढून नवीन भरलं. काही दिवसांनी काका पुन्हा दारात. पुन्हा प्लग काळा, पुन्हा ओला. मी वैतागले. माझ्या हातून गेलेली गाडी परत येते म्हणजे काय!

“चोक ओढता ना?”

“ओढतो.”

“सुरू झाली की जागेवर तापू देता ना जरा?”

“देतो की.” एवढं म्हणून काका खिशात काहीतरी शोधायला लागायचे. काय शोधायचे ते कधी सापडलं नाही.

आता यात काही मोठी विद्या नाही. थंड इंजिनात पेट्रोल नीट पेटत नाही, म्हणून चोक ओढून सुरुवातीला जास्तीचं द्यायचं. गाडी जागेवर चालू ठेवायची. सिलिंडर हाताला कोमट लागला की चोक बंद करायचा आणि निघायचं. तसंच घाईनं चढाला घातली तर ती खोकणार, बंद पडणार, आणि किक मारमारून प्लग भिजणार. काकांची गाडी अगदी तसंच वागत होती, आणि काका म्हणत होते, मी तर तापू देतो.

गाडी झाली तरी ते उठायचे नाहीत. फडकं घेऊन टाकी पुसत बसायचे. कुठल्या भागाची चावी सैल आहे, कुठली अडते, कुठलीला आधी उलटा हिसका द्यावा लागतो, सगळं सांगायचे. पोरांच्या खोड्या सांगाव्यात तसं. मी मध्येच म्हणायची, “काका, निघा आता, मला कामं पडलीत.” तर पटकन उठायचे. रागावायचे नाहीत. फडक्याची नीट घडी घालून ठेवायचे आणि जायचे. मला नंतर उगाच चुटपुट लागून राहायची.

शेवटी मी म्हटलं, “गाडी रात्रभर इथं ठेवा. सकाळी गार गाडीला मीच किक मारते.”

“मग पहाटे टेकडीवर जाऊ कसा?”

तेही खरंच. “मग मीच येते. उद्या पहाटे.”

“घरी?”

“नाही, सहलीला! घरीच की. गाडी कुठं असते तुमची?”

काकांनी फडक्याची घडी मोडून पुन्हा घातली. मग म्हणाले, “बरं. मी बाहेरचा दिवा लावून ठेवतो.”

पहाटे नवऱ्याच्या अंगावरून पांघरूण खेचलं जाऊ नये म्हणून हळूच उठले आणि स्कूटरवर कुडकुडत निघाले. थंडीला, गाडीला आणि काकांना, तिघांनाही शिव्या घालत. बोळात एकाला एक लागून बैठी घरं, शेवटच्या घरावर दिवा. अंगणात खुर्ची मांडलेली, पुसून लख्ख केलेली. कट्ट्यावर दोन कप, बशी उपडी झाकून. काका माझी वाट बघत किती वेळ उभे होते कोण जाणे.

“ये,” काका कुजबुजले. म्हणून मीही कुजबुजले. म्हटलं शेजारीपाजारी झोपले असतील.

चहा पार गार झाला होता. मी मुकाट्यानं प्यायले. मग म्हटलं, “करा सुरू. रोज करता अगदी तशी.”

काकांनी गाडीवरची जुनी चादर काढली, घडी घातली. गाडी स्टँडवरून अलगद उतरवली, आवाज न होऊ देता. फाटक करकरू नये म्हणून थोडं उचलून उघडलं. आणि गाडी ढकलायला लागले. मी बघतच राहिले. त्या वयात, त्या थंडीत, धापा टाकत अख्खा बोळ ढकलत नेली, वळणापलीकडे मोठ्या रस्त्यापर्यंत. तिथं घड्याळ बघितलं, चोक ओढला, किक मारली. गाडी सुरू झाली न झाली तोच गिअर टाकून चढाला लागले. पहिल्या वळणाच्या आत गाडी खोकली आणि बंद. मग किकवर किक. मी पोहोचले तोवर पेट्रोलचा वास सुटला होता.

“अहो काका! ही काय तऱ्हा झाली? तापू देतो म्हणालात ना? अंगणातच सुरू करून ठेवायला काय झालं होतं?”

“तिची झोप मोडते,” काका म्हणाले.

“कुणाची?”

“तुझ्या काकूची.”

काकूंना जाऊन वर्ष होत आलं होतं. तेव्हा मी स्वतः काकांना भेटायला गेले होते. 

“मला कळतं गं,” काका म्हणाले. “मी काही भ्रमिष्ट झालेलो नाही. पण शेवटी शेवटी तिला रात्रभर दुखायचं. पहाटे कुठं जरा डोळा लागायचा, आणि या गाडीच्या आवाजानं दचकून उठायची बिचारी. म्हणून इथवर ढकलत आणायचो. मी रात्रभर जागाच असायचो, वेळ भरपूर असायचा. इथं आणून सावकाश तापवायचो आणि जायचो.”

“आणि आता?”

“आता मला उठवतच नाही. पडून राहतो छताकडं बघत. मग उशीर होतो. मग तापवायला वेळ नसतो.” फाटकापाशी हात आपोआपच हँडलला जातो आणि ढकलायला लागतो, असंही म्हणाले. अंगणात सुरू करायची म्हटलं की पाय किकवर जातच नाही.

मला रडू आलं, आणि रडू आलं की मी चिडते. “मग आधी सांगायला काय झालं होतं? उगाच कार्बोरेटर उघडत बसले मी!” असं करवादत मी प्लग काढला, डिकीतला कोरडा प्लग बसवला, गाडी सुरू करून दिली. काका कसेबसे वेळेत पोहोचले.

दुपारी ते आले तेव्हा मी तोंड उघडायच्या आधीच म्हणाले, “उद्या येशील? अंगणातच करू. पण मला एकट्याला जमायचं नाही.”

“कशाला अंगणात? लवकर उठा, रस्त्यावर तापवा,” मी म्हटलं. मला दुसरं काही म्हणवेना.

“उठलो असतो तर ही वेळ आली असती का? चाव्या गेल्या तर मी दिवसभर त्याच छताखाली. नको. उद्या ये.”

मी गेले. तोच दिवा, तीच खुर्ची. काकांनी चोक ओढला, पाय किकवर ठेवला आणि खिडकीकडे बघितलं. खिडकी बंद होती.

“मारू?”

“मारा.”

तिसऱ्या किकला गाडी सुरू झाली. एवढ्याशा अंगणात केवढा आवाज! खिडकीची काच थरथरायला लागली. शेजारी कुणीतरी दिवा लावला, कुणीतरी खाकरलं. मी सिलिंडरपाशी हात धरून बसले. गाडी आधी अडखळली, मग हळूहळू एका सुरात चालायला लागली.

काका गाडीकडे बघतच नव्हते. खिडकीकडे तोंड करून उभे होते, आतून हाक आली तर ऐकू यावी म्हणून मान जरा पुढं काढून. सिलिंडर कोमट झाला, चांगला गरम झाला, तरी मी त्यांना हलवलं नाही.

बऱ्याच वेळानं ते माझ्याकडे वळले.

“नाही उठली गं,” म्हणाले.

 मी चोक बंद केला आणि म्हटलं, “निघा काका, पाण्याची वेळ झाली.”