जादा लेन आणि बोरीचं खळं

माणिकराव कऱ्हाळे साहेब मला पहिल्यांदा दिसले ते बोरीच्या बसथांब्याजवळ, भर उन्हात खुर्ची टाकून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या मोजताना. मी नुकताच रुजू झालेला कनिष्ठ अभियंता. उपअभियंत्यांनी स्वतः ट्रॅक्टर मोजावेत याचं मला हसूच आलं होतं.

बाजाराच्या दिवशी तिथं रुग्णवाहिकासुद्धा अडकायची. साहेबांनी चिकाटीने पाठपुरावा करून रस्त्याला जादा लेन मंजूर करून घेतली. ज्यांच्या ओट्यापर्यंत रुंदीकरणाची चुन्याची रेघ येणार होती, त्या प्रत्येक घरी ते आधी जाऊन आले.

लेन खुली झाली आणि सुगीत शेतकऱ्यांनी तिच्यावर सोयाबीन वाळत घातलं. परतीच्या पावसात भिजलेलं. वाळलं नसतं तर कोंब फुटले असते. गाड्या पुन्हा तुंबल्या, त्यात परभणीकडे निघालेली रुग्णवाहिका अडकली. मी तावातावाने जेसीबी बोलावला. शेतकरी गयाबाई त्याच्यापुढे उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "रानात चिखल हाय. आमी वाळवायचं कुठं? आमचं खळं तर तुमच्या लेनखाली गेलं."

तेवढ्यात साहेब आले. त्यांनी जेसीबी मागे घ्यायला लावला. धान्यात पाय ठेवण्याआधी बूट काढले, अनवाणीच आत गेले आणि फावडं हातात घेऊन सोयाबीन कडेला ओढू लागले. ते पाहून सगळेच सरसावले. थोड्याच वेळात रुग्णवाहिका निघून गेली. मी मान खाली घालून उभा होतो.

"तुमची नाही, माझी चूक हाय," ते मला म्हणाले. "इतके दिवस इथं बसलो, गाड्या मोजल्या. खळं काही दिसलं नाही."

साहेब असूनही इतक्या लोकांसमोर स्वतःची चूक कबूल करणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. पुढे ग्रामपंचायतीला राजी करून त्यांनी गावामागची पडीक जागा सपाट करून घेतली. आज सोयाबीन तिथं वाळतं आणि लेन मोकळी असते. मीही आता नव्या रस्त्याची आखणी करताना आधी खळं कुठं आहे ते विचारतो.

यंदा साहेबांना साठ वर्षं पूर्ण होतायत हे सांगितलं तेव्हा गयाबाई म्हणाल्या, "साठ म्हंजे काय वय हाय? अजून लय सुग्या बघायच्यात त्यांनी."

साहेब, त्या साऱ्या सुग्या तुम्ही धडधाकट पायांवर उभं राहून बघाव्यात. बूट काढून ठेवायला खळ्याच्या कडेला जागा आम्ही राखून ठेवली आहे.